गुडघा

मंगळवारी, रिव्हर्टनच्या पोस्टाबाहेर,
वळताना ताशी दहाचाही वेग नसेल,
आमच्या मॉरिस मायनरनं गुडघा टेकला.
उजवं चाक मडगार्डाखाली दुमडलं
झोपलेल्या बदकाच्या पायासारखं,
आणि मागच्या सीटवरची अंडी
(एकही फुटलं नाही, हे डेस अजून सांगतो)
पुढच्या सीटखाली आली.

डेस उतरला नाही.
स्टिअरिंग धरून बसला,
चर्चमध्ये कुणी भलत्याच पट्टीत सूर लावल्यावर बसतो तसा.

त्याचं म्हणणं, दर हजार मैलांना ग्रीस घातलंय.
वही आहे. एकसष्ट सालापासूनची,
आधी त्याच्या मावशीच्या हातची, मग त्याच्या.
मी वही पाहिली. तारखा होत्या.
शेवटच्या तीन वर्षांच्या अक्षरात जरा घाई होती.
गुडघे त्याचेही गेलेत.
गाडीखाली तो शेवटचा कधी शिरला
ते मला ठाऊक होतं.
वही मी होती त्या खणात ठेवली.

शनिवारी हिरिया आली, धक्क्यावर
मासेमारीच्या बोटींची इंजिनं खोलणारी, एकोणीस वर्षांची,
बुटांना डिझेलचा वास.
"जुन्याच्या जागी जुनंच बसवायचं, की सुधारायचं?"
"जुनंच," डेस म्हणाला.
"सुधारायचं," मी म्हणाले.
बेचाळीस वर्षांच्या संसारात
आम्ही असे एकदम कधी बोललो नव्हतो.

पुढचा सगळा भार एका सळईच्या पिळावर.
साठ वर्षं पिळलेली, फरशीखाली, मुकाट.
तिचा ताण उतरवताना हिरियानं जॅक इतका हळू सोडला
की गॅरेजमध्ये भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.
सुंभ जळला असता, पीळ गेला नसता.
मी तिथे उभी राहून
माहेरच्या माणसांची नावं आठवत होते.

ट्रनियन हातात आला.
आत ग्रीस नव्हतं. तांबूस पूड होती,
चहाच्या डब्याच्या तळाशी उरते तशी.
हिरियानं तळहातावर धरून मला दाखवली.
मी ती फडक्यात पुसून घेतली.
डेस दाराबाहेर खाडीकडे बघत होता,
भरती येत होती, रोज येते तशी,
पण तो फार लक्ष देऊन बघत होता.

डावीकडे पाना अडला.
हिरिया लोंबकळली, मी लोंबकळले.
मग उपड्या क्रेटवरून आवाज आला,
"त्या बाजूचे आटे उलटे आहेत."
फिरवला. सुटला.
त्यानंतर क्रेट हळूहळू आत सरकत गेलं.

नवे शॉक अॅब्झॉर्बर निळे, दुकानी, उगाच तरुण.
जुना डॅम्पर काढला नाही,
त्यातलं तेल फक्त काढून घेतलं;
आता तो नुसता हात, चाकाला वरून धरणारा.
कामावरून उतरला, जागेवरून नाही.
"निवृत्त," डेस म्हणाला, आणि त्याच्यावरचा चिखल
टूथब्रशनं साफ करत बसला. माझ्या टूथब्रशनं.

कोलॅक बेच्या रस्त्यावर खडी.
पूर्वी एका खड्ड्यानंतर ती तीनदा मान डोलवायची,
होय, होय, होय,
आणि तिच्याबरोबर आम्हीही.
आता खड्डा आला. गेला.
एक खोल श्वास, की गाडी पुन्हा सरळ.
"होयबा होती बिचारी," डेस म्हणाला,
"आता हिला स्वतःचं मत आलं."
ते त्याला आवडलं की नाही, कळेना.
पुढे मेंढ्या आडव्या आल्या, मी ब्रेक दाबला.
गाडी हलली नाही.
डेसनंच सवयीनं मान डोलवली, तीनदा.

त्या रात्री त्यानं वही काढली.
तारीख. मैल. ग्रीस.
आणि पुढे, सावकाश अक्षरात:
ऊनानं घातलं.
चष्मा लावून मी मैलांचा आकडा तपासला.
बरोबर होता.