पासवर्ड

रावपुऱ्यातून आणलेल्या या रेडिओला
काटा नाही, खरखर नाही,
गच्चीवर तार न्यायची नाही.
मौलिकने वायफाय जोडून दिलं, म्हणाला,
"काका, कंपनीचा पासवर्ड आधी बदला.
नाव नको, जन्मतारीख नको,
कोणी ओळखेल असं काहीच नको."

मग उरलं काय माझ्याकडे?

शेवटी टाकला,
दूध उतू गेलं की तू पुटपुटायचीस तो शब्द,
कुठल्याच कोशात नसलेला.
पुढे आपल्या लुनाचा नंबर, उलटा.

दिवा हिरवा झाला.
दूरच्या कुठल्या बंदरावरचं हवामान
एक बाई सांगतेय.
आवाज बारीक ठेवलाय,
भिंतीपलीकडे पटेलांचं बाळ निजलंय.

"कुठं लिहून ठेवू नका हां," चपला घालताना मौलिक.

आत दूध वर आलं.
तो अजून दारातच.
तोंडावर आलेला शब्द मी गिळला.