पान एक्केचाळीस, तिसरी ओळ

ट्रिएस्टमध्ये तीन दिवस बोरा सुटलाय,
पठारावरून थेट समुद्रात उडी घेणारा वारा.
उतारावर कचऱ्याचे डबे आडवे,
स्कूटरी एकमेकींवर रेललेल्या,
आणि तिसऱ्या मजल्यावर नेवेंका ग्रुडेन
विश्व पुन्हा एकदा मिटवून बघतेय.

अकरा महिने ते नीट वागत होतं.
आकसत आकसत यायचं,
घनता ठरल्या हद्दीला टेकली की वळायचं.
चेंडूसारखं टप्पा घेऊन नव्हे,
दमलेल्या माणसाने जिन्यात
कठड्याला हात लावून वळावं, तसं.
म्हणजे आरंभ असा नव्हताच कधी.
नमनाला घडाभर तेल जाळून बसलेल्यांना
कोण सांगणार,
की नाटक आधीपासूनच चालू होतं?

आज पान एक्केचाळीसवर, तिसऱ्या ओळीत,
तिला एक वजा दिसला
जो अधिक असायला हवा होता.

तिने पेन्सिलीने त्याला एक उभी रेघ मारली.
इतकंच.
विश्व आलं, हद्दीला टेकलं,
आणि थांबलंच नाही.

कार्स्टच्या माळावर तिचे वडील
चुन्याशिवाय दगडी बांध रचतात.
सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं,
मध्ये फटी कशाला?
योश्को म्हणाला होता,
"वाऱ्याला जायला जागा नको?
गच्च भिंत पहिल्याच बोऱ्यात झोपते."
अवकाश अखंड नसावा,
दाण्यादाण्यांचा असावा, हे कुठून सुचलं
याचे छत्तीस संदर्भ तिने शेवटी दिलेत.
हा दिलेला नाही.

रात्री तिने प्रोफेसर कोस्लोविचना लिहिलं:
पा. ४१, ओ. ३. चिन्ह.
पुढे काही लिहवेना.

सकाळी ते बारमध्ये आले, टोपी मुठीत धरून.
सत्तरी उलटलेला माणूस;
त्यांच्या हातून बुडालेलं हे चौथं विश्व.
दोघांची कॉफी सांगितली.
साखरेची पुडी बोटांत फिरवत राहिले,
फाडली नाही.
मग म्हणाले, "एकोणचाळीसवरही एक बघ.
मला मार्चपासून खटकतंय.
कधीकधी दोन चुका
एकमेकींना गिळून टाकतात."

हे आशेने म्हणाले
की नुसतं सांगितलं,
आवाजावरून कळेना.

काचेपलीकडे एक म्हातारी
दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभी होती,
वाऱ्याने जरा उसंत घ्यावी म्हणून.

नेवेंकाने खिसा चाचपला.
पेन्सिल होती.
खोडरबर वर राहिलं होतं.