तीस इंच

चौतीस इंची बास गळ्यात घातला
तेव्हा माझा हात पहिल्या घरापर्यंत गेला
आणि करंगळी मागेच राहिली,
एसटी सुटल्यावर स्टँडवर राहिलेल्या पोरासारखी.

सवय होईल की, रेवणसिद्धप्पा म्हणाले.
नवी पेठेत पेट्यांचे भाते शिवण्यात त्यांची पन्नास वर्षं गेली,
सगळ्याची सवय होते यावर त्यांचा विश्वास आहे.
माझा नाही. मी सेहेचाळीसची.
आईची बोटं घेतलीत मी,
आखूड, टोकाला चपटी, तेंदूच्या पानात बसतील अशी.
दिवसाला हजार विड्या वळल्या त्या बोटांनी.
चार इंच लांबायचं आता त्यांना सांगू नये.

म्हटलं, आखूड मापाचा दाखवा.
आतून पोकळ असलेला.
आणि दहाच्या आत.
ते हसले : अक्का, तिन्ही एकदम
सिद्धरामेश्वरसुद्धा देत नाही.

मग शिडी लावली. तबल्याच्या चुंबळींमागून
एक काढला, चादरीत गुंडाळलेला.
अक्कलकोटच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याचा,
त्याने लग्नं वाजवणं सोडलं आणि टेम्पो घेतला.
करड्या मधाचा रंग, पोटावर दोन बाकदार फटी,
पट्ट्याची खुंटी आगकाडी खुपसून घट्ट केलेली.

पर्समध्ये टेप असतोच माझ्या.
वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत धरला :
तीस.
तीस बाय साठ. एमआयडीसीत दिवसाला चारशे टॉवेल
याच आकड्यावरून जातात माझ्या हाताखालून,
अर्धा इंच कमी भरला तर बाजूला फेकते.
हा मी फेकला नाही.

पोकळच का, त्यांनी विचारलं.
कारण अँपला पैसे नाहीत.
कारण रात्री साडेदहानंतर वाजवणार,
शेजारी मडूरबाईंची पहाटपाळी असते,
आणि पोकळ पोटाचा बास
हनुवटी टेकवली की फक्त जबड्यात वाजतो.
हे मी आधी कुठेतरी करून बघितलंय हे नाही सांगितलं.

हात सोडला तर मान जमिनीकडे जाते त्याची.
चौथी तार पान खाल्ल्यासारखी बोलते.
आखूड बासच्या तारा सोलापुरात मिळत नाहीत,
पुण्याहून मागवायच्या, अठराशे वेगळे.
सगळं मोजलं. भिशी लागली होती नऊ हजारांची.
ते अकरावर होते, मग साडेदहावर,
मग चहा आला, मग कोणी काहीच बोललं नाही बराच वेळ.
साडेनऊ. कव्हर नाही.
चादर मात्र राहू द्या म्हणाले.
चादरीची एक कड उसवलेली होती,
ते मी बासच्या आधी पाहिलं होतं.

रिक्षात मान बाहेर निघाली,
अशोक चौकापर्यंत मी ती हाताने धरून होते.

घरी नायना जागे होते.
बत्तीस वर्षं यंत्रमागावर. आता त्यांना कुकरची शिट्टी,
फोन, नातीचा आवाज, काही ऐकू येत नाही;
ट्रक गेला तर मात्र कळतं.
मी पलंगाच्या कडेला बसून चौथी तार छेडली.
त्यांनी मान वळवली.
पुढे सरकून अंगठ्याने ती तार दाबली,
सोडली, पुन्हा दाबली,
ताणा बघायचे तशी.

ताण कमी हाय, म्हणाले.

मापच आखूड आहे नायना,
मी त्यांच्या कानाशी ओरडले,
आखूड मापाला ताण कमीच राहतो.

ते अजून दाबूनच होते.
तुटायची नाही मग, म्हणाले,
आणि दुसरी तार हाताखाली घेतली.