शेवटचं एकदा

एस्तेरबाई डोळे मिटूनच सांगतात, "शेवटचं एकदा."
पेटीवर मी, चौदा वर्षं.
भाता सोडत नाही.
धृपद अजून तीनदा तरी येतंच.

सूर त्या कूलरकडून घेतात.
गड्डीगोदामच्या मे महिन्यात
तो काळी दोनमध्ये घुमतो,
वाळा भिजला की जरासा उतरतो
आणि अख्खी मंडळी त्याच्यामागे उतरते.

परवा दुसऱ्या कडव्यात लाइट गेली.
कूलर गप्प. माइक गप्प.
बाई गातच होत्या, डोळे मिटून.
आमचं आमेनसुद्धा झालं,
तरी मागच्या बाकावरून
ओहोळ मास्तर,
नेहमीसारखे अर्धी ओळ मागे,
काठी टेकत आल्यासारखे
एकटेच कडव्याच्या टोकाला पोचले.

बाईंनी डोळे उघडले.
"शेवटचं एकदा," म्हणाल्या,
"मास्तरांच्या लयीत."

भाता मी सोडला नव्हताच.