दुसरं प्रूफ

निपाणीत, तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात
आमचा छापखाना. मी अक्षरं जुळवते.
आता नुसती माऊसनं,
पण शब्द तोच राहिलाय.

पक्ष पहिल्यांदा आला तेव्हा
शंभर पत्रकं, पिवळा कागद, उधारी.
मर्यादा पक्ष.
चिन्ह म्हणून समई मागितली होती,
मिळालं नेलकटर.
तालुकाध्यक्ष बाळगोंडा मगदूम हसले नाहीत.
म्हणाले, चालतंय, नखं काढायचीच हाईत.

पक्ष कसा वाढतो
ते मला छपाईच्या आकड्यांतनं कळत गेलं.
शंभराची पाचशे झाली वधूवर मेळाव्याला,
पाचशेची दोन हजार
जत्राटची एक पोरगी कॉलेजातनं परत आली नाही त्या आठवड्यात.
सभा नाही, भोंगा नाही.
दहा घरांमागं एक माणूस,
मयताला सगळ्यांच्या आधी, बारशाला पंगत उठेपर्यंत.
आणि बायकांच्या भिशीत एक वही,
कुणाची सून किती वाजता कुठं.

सीमेबद्दल ते बोलत नाहीत.
एक नोव्हेंबरला काळी फीत बांधणारे
आणि लाल-पिवळं उपरणं घेणारे
आमच्या दारात एकाच बाकावर चहा पितात,
कारण पोरीनं दिवेलागणीला घरी यावं
यावर साठ-सत्तर वर्षांत पहिल्यांदाच
दोन्हीकडचं एकमत झालंय.
हद्द कुठली ते कोर्ट बघेल, उंबरठा आपण बघू.
वाक्य त्यांचं. स्वल्पविराम माझा.
'दिवेलागण'मधला दि ऱ्हस्व की दीर्घ
हेही त्यांनी मलाच विचारलं,
रात्री पावणेनऊला.

यंदा अकरा नंबर वॉर्ड महिलांसाठी निघाला.
तीन दिवस पक्ष गप्प.
ज्या बायका शिकवणीप्रमाणं घरात होत्या
त्या घरातच होत्या.
शेवटी मगदूमांनी वहिनींचा फोटो आणला,
लग्नातला, कापलेला,
खांद्यावर कुणाचा तरी हात उरलेला.
त्यांचा एक इंच, माझा चार.
नाव घाला सौ. बाळगोंडा.
म्हटलं, मतयंत्रावर त्यांचं स्वतःचं लागतं.
ते थांबले. खरंच थांबले.
मग खिशातली मतदारयादी उलगडून वाचलं:
कमलाक्षी.

दुसरं प्रूफ बघायला त्या एकट्या आल्या.
पावणेआठ वाजलेले. चप्पल दाराबाहेर काढली,
छापखान्यात कुणी काढत नाही.
माहेर गोकाककडचं, कन्नड शाळा, सातवी.
वरची कन्नड ओळ बोटानं वाचली,
मग खालची मराठी, सावकाश.
ह्यो शब्द दोन्हीत एकच न्हवं?
म्हटलं, तसा एकच.
मराठीत मर्यादा म्हणजे इथवर, ह्याच्यापुढं नाही.
तुमच्यात?
'आमच्यात मर्यादे म्हंजे मान.
कोण घरला आलं की उठून उभं ऱ्हातात बघा, ते.'

मशीन चालू होतं, आम्हाला ओरडून बोलावं लागत होतं.
विचारलं, फोटोतला हा हात पुसू का? दोन मिनिटांचं काम.
कुणाचा आहे?
'थोरल्या अक्काचा.
तिचं नाव आता घेत न्हाईत आमच्यात.'
त्यांनी स्क्रीनकडं बघितलं,
मग दाराकडं, मग परत.
'असू दे.'

तीन हजार पोस्टरं निघाली त्या हातासकट.
मगदूमांनी स्वतः भिंतींवर चिकटवली,
ते फक्त चार इंचाचं बघत होते.

मतं पडली दोनशे चौदा. मागं सदतीस होती.
मगदूम म्हणाले, वाढ आहे,
आता चिकोडी धरायची.
बिल राहिलं.

ते चुकतं करायला वहिनी आल्या,
पदरात बांधलेल्या नोटा,
भिशीच्या की कशाच्या विचारलं नाही.
बाहेर अंधार पडलेला.
मी उठले.
खुर्चीचं चाक वायरीत अडकलं.