सपाट फरशी

तीनदा आणली तेगवेननं तिची निळी स्कोडा,
तीनदा मी म्हणालो, काही नाही, जा.
पाइपानं झोडपली गाडी अर्धा अर्धा तास,
दारांच्या रबरांना टाल्कम पावडर लावली, तान्ह्या बाळाला लावतात तशी,
स्वतः डिकीत शिरलो, गुडघे हनुवटीला,
टॉर्च तोंडात, बाहेरून पोऱ्या पाणी मारतोय,
पावडरीवर एक रेघ उठली नाही.
तरी डाव्या सीटपुढचं कार्पेट दाबलं
की बोटांभोवती पाणी यायचं, गार, तपकिरी.
ओल्या कुत्र्याचा वास येतो, ती म्हणायची,
आणि माझ्याकडे कुत्रं नाही.

कुठंतरी पाणी मुरतंय, हे कळायला
मेकॅनिक लागत नाही.
मी पुढची काच काढून नव्यानं बसवली, बिल लावलं.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ब्लायनायमध्ये पावसाबद्दल कुणी बोलत नाही,
थांबला तर बोलतात.
घरांच्या मागे घरांहून उंच
पाटीच्या दगडाचे ढीग, खाणीतून उपसलेले,
छपरंही त्याच दगडाची,
म्हणजे इथं डोंगरच डोंगरावरून निथळतो.
तेगवेन या गावची नर्स.
मागच्या सीटवर पट्ट्यांची खोकी,
पुढे पायांखाली वर्तमानपत्रं, रोज नवी.

मार्चमध्ये चौथ्यांदा आली ती सांगायला
की गाडी तीन आठवडे कोरडी आहे.
आपोआप बरी झाली.
गाड्या आपोआप बऱ्या होत नाहीत, मी म्हणालो.
माणसंही फारशी नाही, ती म्हणाली,
आणि हातमोजे शोधू लागली, जे हातातच होते.

मग मी विचारलं, जे पहिल्यांदाच विचारायला हवं होतं:
पाऊस तोच, गाडी तीच, बदललं काय?
बराच वेळ गेला.
रात्री इडवलकडे जात नाही आता, म्हणाली.

इडवलचं घर वरच्या गल्लीत, शेवटचं,
जिथं रस्त्याची घसरगुंडी होते.
नाक खाली करून लावायची ती गाडी, चाकाला दगड,
आणि चार महिने, रोज रात्री,
त्याच्या मॉर्फिनच्या वेळा सांभाळत आत दोन दोन तास.
गाडी बाहेर, तशीच, ओणवी.
माझ्या गॅरेजची फरशी मी लेव्हल लावून ओतून घेतलेली.
गोटी ठेवा, हलणार नाही.
येईल त्याला दाखवायचो.

त्याच दुपारी वर गेलो. लार्चच्या झाडाखाली
नाक खाली, चाकाला तोच दगड, तिथंच पडलेला.
मी छतावर झारीनं पाणी सोडलं,
तेगवेन आत, खांबाचं प्लास्टिक उचकटून.
दार उघडून नेस्टा बाहेर आली, इडवलची बायको.
आधी गाडीकडे बघितलं, मग तेगवेनकडे.
कोण आजारी आहे?
कुणी नाही, तेगवेन म्हणाली. गाडी.
नेस्टानं माझ्या हातातली झारी घेतली.
तू आत बघ, म्हणाली, मी ओतते.

आला ओघळ.
छताच्या सरकत्या काचेभोवती पन्हळ असते,
चार कोपऱ्यांत चार नळ्या.
सपाटीवर मागच्या दोघी सगळं निभावून नेतात.
उतारावर भार पुढच्यांवर,
आणि पुढची डावी लार्चच्या पिवळ्या सुयांनी ठासलेली.
पन्हळ भरायची, पाणी खांबाच्या आतून
कुणाला न दिसता पायांशी.

सायकलच्या ब्रेकची तार घातली, हळूहळू.
हवा मारायची नसते, नळी निसटते.
आधी चिखल आला, मग सुयांचा गोळा,
मग चाकामागून भळाभळा पाणी, रस्त्यावर, उताराला.
नेस्टा ओतत होती.
पुरे, मी म्हणालो.
अजून अर्धी आहे, ती म्हणाली.

कार्पेटखाली फोम सडलेला,
त्यात सुईचं एक टोपण आणि पेपरमिंटचे कागद,
सात-आठ, एकाच जातीचे.
इडवल द्यायचा, तेगवेन म्हणाली. निघताना. रोज एक.
काचेचे पैसे मी परत केले.

आता कुणी गळती घेऊन आलं
तर पाइप नंतर उचलतो.
आधी विचारतो, रात्री कुठं उभी असते,
तोंड कुठल्या बाजूला, आणि किती वेळ.
लोक वैतागतात.