उकडतंय ना

पाठ केलं होतं: मला वसंत आवडतो.
चेरीचा बहर, तीन वाक्यं,
क्रियापद शेवटी,
आपल्यासारखंच, म्हणून सोपं.

मस्कतच्या त्या सभागृहात एसी एवढा
की परीक्षकांनी शाली घेतलेल्या.
निशिओकाबाईंनी विचारलं, कुठला ऋतू?
आणि बहर घशातच अडकला.

म्हणाले, फेब्रुवारीतला एक आठवडा.
रुवीत तेव्हा एसी बंद करतात,
खिडक्या उघडतात,
आणि वर्षभर दारावरच्या पाटीपुरते असलेले शेजारी
ऐकू येतात: खोकला, कुकर, भांडण.
भांडणाला शब्द आठवेना.
हातवारे केले.
शालींमधून कुणीतरी हसलं.

पहिली आली सूरची अस्मा.
काय बोलली! एकदाही अडखळली नाही.
मला तिसरं बक्षीस, कागदी पंखा.

पार्किंगमध्ये बाबा
गाडीची चारही दारं उघडून
आतली धग बाहेर काढत उभे.
शेजारच्या गाडीशी निशिओकाबाई,
कपाळ टिपत त्यांना म्हणाल्या,
"अत्सुई देसु ने."

जपानीचं अक्षर न कळणारे बाबा
पटकन म्हणाले, "हो ना!"

भाषांतरासाठी उघडलेलं तोंड
मी तसंच मिटलं.

घरापर्यंत प्रत्येक सिग्नलला
ते माझ्या बक्षिसानं
वारा घेत राहिले.